गावाचं दप्तर

सोयगाव,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र पोचलं. व्हॉट्सॲपच्या दिवसांत लेस्टरहून चार पानी पत्र टपालानं पाठवणारी तू एकटीच उरली असशील. पोस्टमननं तिकीट आपल्या मुलासाठी मागून घेतलं, दिलं. पत्र मात्र मंडळाच्या कपाटात जाणार आहे, तुझी परवानगी गृहीत धरून. माहेर सोडलेल्या मुलीला गावाचं काय काय आठवतं, हेही पुढे कुणाला तरी लागेल.

पत्रात तू खवचटपणे विचारलंयस, "निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, तुला हे इतिहास मंडळ कुठून सुचलं? आणि तुम्ही करता तरी काय, किल्ला झाडता?" बाई गं, किल्ला आम्ही झाडत नाही. वाडीचा किल्ला, म्हणजे कागदावरचा वेताळवाडी, आहे तिथेच आहे. हळद्याचा घाट चढताना तो अजून तसाच अंगावर येतो, दरवाजावरचे शरभ अजून तोंड वासून बसलेत आणि टोकाच्या कमानींतून अजून आपलं गाव दिसतं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन येतात, ड्रोन उडवतात, छान व्हिडिओ करतात. किल्ल्याला आता वाली आहे. रुद्रेश्वराच्या लेण्याला महाशिवरात्र आहे. बनोटीकडच्या सुतोंड्यावरचं जोगणामाईचं घरटंसुद्धा लोक शोधत येतात आणि आतल्या जैन मूर्तींचे फोटो काढून नेतात. वाली नाही तो गावाला.

अजिंठ्याच्या शेजाऱ्यांचं हे जुनं दुखणं आहे. इतिहास म्हटलं की आपल्याकडे शेंबडं पोरही फर्दापूरच्या दिशेनं बोट करतं. मीच वर्गात वर्षानुवर्षं काय शिकवलं? २८ एप्रिल १८१९, मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ, शिकारीचं निमित्त, दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं कोरलेलं नाव, १९८३ साली जागतिक वारसा. मुलं घडाघडा लिहायची, गुण घ्यायची. मग घाटावरच्या जंजाळ्याला, घटोत्कच लेण्याला सहल न्यायची. तिथे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, त्यात त्याच्या घराण्याची पिढ्यांमागून पिढ्या नावं. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याचंच दान. मला एका सहलीत एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या गल्लीतला आड कुणी खोदला?" मी घरी येऊन विचारत सुटले. कुणालाच माहीत नव्हतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मंत्र्याचा पणजोबा आपल्याला ठाऊक, आणि ज्याच्या पाण्यावर आपण वाढलो तो आड कुणाचा ते ठाऊक नाही. वराहदेव शहाणा होता, दगडात लिहून गेला. आपल्या लोकांनी लिहिलं ते कागदावर, आणि तो कागद माळवदाखाली, कसरीच्या तोंडी.

त्यातच पेठेतला तो मोठा वाडा पाडला. तुला आठवतो ना, ज्याच्या ओसरीवर आपण सागरगोटे खेळायचो? मुलगे शहरात, भिंती खचलेल्या, पाडला हे बरोबरच केलं. पण त्याच्या माडीवरचे लाल फडक्यात बांधलेले रुमाल रद्दीवाल्यानं किलोवर नेले. मी पोचले तोवर एक गठ्ठा उरला होता, तोही ओला. तो वाळवला, उलगडला, तर मोडीतल्या पावत्या, उर्दू शिक्क्याचे अर्ज, आणि एका बाळंतिणीच्या औषधांची यादी. त्या यादीवर मी सगळ्यांत जास्त वेळ बसले. सुंठ, डिंक, शेपा, बाळंतशेपांचा भाव, आणि खाली कुणीतरी वेगळ्या हातानं लिहिलेलं, "मुलगी झाली." साल नाही, नाव नाही.

मंडळ काढायचं ठरलं ते मारुतीच्या पारावर. कायद्यानं किमान सात माणसं लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६०चा, इंग्रजांचा, आणि त्यावर आपला १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दोन्हींची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर संभाजीनगरला. आपलं हे असंच. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं खानदेशात, घाटाखाली. कचेरी मात्र घाट चढून मराठवाड्यात. सातजण मिळाले, पण कसे! एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब, एक मोडी वाचणारे गुरुजी, एक किराणा दुकानदार आप्पा, एक मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा, उर्दू शाळेतले एक सर ज्यांना अख्खं गाव मामू म्हणतं, अंगणवाडीच्या एक ताई, आणि मी. सात सह्या होण्याआधी अध्यक्ष कोण यावर दोन बैठका गेल्या. आप्पांना फलकावर सगळ्या कार्यकारिणीचे फोटो हवे होते, फ्लेक्सवर, वाढदिवसाचा असतो तसा. मी म्हटलं, फोटो लावायचा तर आधी गावातल्या मेलेल्या माणसांचे लावू, आपल्याला अजून वेळ आहे. आप्पा आठवडाभर बोलले नाहीत. नंतर त्यांनीच कपाट दिलं, लोखंडी, कुलपासकट.

नियमावली लिहायला बसलो तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "उद्देश मोठा लिहा, महाराष्ट्राच्या इतिहासाचे संशोधन वगैरे." आणि गुरुजींनी राजवाड्यांचं नाव काढलं. काढणारच. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवत हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि असे बावीस खंड केले. सरदार मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. आणि मग त्याच मंडळींशी बिनसलं, म्हणून धुळे धरलं. १९२६च्या ३१ डिसेंबरला ते गेले आणि धुळेकरांनी त्यांच्या नावानं दुसरं मंडळ उभं केलं. गुरुजींना यातून पायपीट घ्यायची होती. मी मात्र त्यातून भांडण घेतलं. राजवाड्यांसारख्या माणसाला स्वतः काढलेल्या मंडळात राहवलं नाही, तर आपण सात जण कोण? तेव्हा उद्देश लहान ठेवला: सोयगाव आणि शिवाराचे कागद, फोटो, आठवणी यांची नक्कल करून जपणे. बस. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, वर्षाचा हिशेब तपासून घ्यायचा. अर्ध्या संस्था मरतात त्या या दोन कामांच्या कंटाळ्यानं. भाऊसाहेबांनी आयुष्यभर फेरफार ओढलेत, त्यांना कंटाळा हा प्रकारच माहीत नाही. माझं मत विचारशील तर इतिहास मंडळाला इतिहासकार नसला तरी चालतो, तलाठी हवा.

"नक्कल करून" हे दोन शब्द त्या नियमावलीत घालायला मला सगळ्यांत जास्त भांडावं लागलं. बाकीच्यांना संग्रहालय हवं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचं उदाहरण समोर आहे: साधा गावकरी माणूस, पावसानंतर पांढरीच्या टेकाडावर उघड्या पडणाऱ्या वस्तू वेचत राहिला, मणी, मातीच्या मूर्ती, नाणी. प्राचीन तगर नगराची ओळख त्या वेचण्यातून डोळ्यांपुढे आली. आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांचंही तसंच. पण या दोघांकडे जन्मभराचा ध्यास होता आणि तेर-पैठणच्या मातीत सातवाहन होते. आमच्याकडे आप्पांचं कपाट आहे. शिवाय आता कायदा बघावा लागतो. जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू कलेक्टरला कळवायची, हा १८७८चा कायदा अजून जिवंत आहे. शंभर वर्षं उलटलेली मूर्ती पुरावशेष ठरते, १९७२च्या कायद्यानं तिची नोंदणी वगैरे प्रकरणं सुरू होतात. उद्या एखादा पोरगा नांगराला लागलेली नाणी घेऊन आला आणि आम्ही ती कौतुकानं कपाटात ठेवली, तर सात जण कुठे बसतील ते सांगायला नको.

पण खरं कारण कायदा नाही. माणूस कागद देत नाही तो का? एकदा घेऊन गेलेला परत देत नाही म्हणून. गावोगावी विचार; "कुणीतरी पुण्याचे आले होते, सनद घेऊन गेले, ते गेलेच" हे वाक्य ऐकू येतंच. म्हणून आम्ही कागद घेतच नाही. मोबाईलवाला पोरगा त्यांच्याच ओट्यावर चादर अंथरतो, सावलीत, फ्लॅश न मारता एकेक पान टिपतो, घरच्या बाईच्या देखत गठ्ठा परत बांधून होतो आणि लगेच एक प्रत त्यांच्याच फोनमध्ये टाकतो. वहीत नोंद होते: कुणाच्या घरून, कुणी दाखवलं, त्यांना ते कुठून मिळालं, कोणत्या तारखेला. फोटोची मूळ प्रत असेल तर मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहून देतो, कारण पेनाची शाई पुढे उमटते. लॅमिनेशन करू देत नाही. आपल्या लोकांना कागदावर माया आली की ते लॅमिनेशन करतात आणि कागद आतल्या आत करपतो. एवढं केलं की दुसऱ्या दिवशी शेजारीण स्वतःहून हाक मारते, "बाई, आमच्याकडं बी एक ट्रंक हाये."

त्या ट्रंकांत काय निघतं! मला वाटलं होतं सनदा निघतील. निघतात पावत्या. तू कॉन्व्हेंटातल्या पोरांना सांगून बघ, की तुझ्या आजोबांच्या गावात दोन रुपये चालायचे. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सहा कलदार द्यायचे तर सात हाली मोजायचे. आपलं गाव निजामाच्या हद्दीत, आणि पलीकडचं शेंदुर्णी, पाचोरा, जामनेर इंग्रजांच्या खानदेशात. म्हणजे जिथे आपण त्रिविक्रमाच्या यात्रेला बैलगाडीतून जायचो, तिथे जाताना आपल्या आजोबांनी देशाची वेस ओलांडली होती म्हण ना. मध्ये करोडगिरीचं नाकं, मालावर जकात. म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, लुगड्याच्या घडीत काय काय आणलं ते. एका रोजमेळात तर हाली आणि कलदार असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि पान संपलं की खाली मेळ घातलेला. मी गणिताची बाई असते तर त्या एका पानावर वर्षभर शिकवलं असतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरची दुसरीच गंमत. जन्मतारखा फसली सनात, महिने आजूर, दै, बहमन. हैदराबादचा फसली धरून सनात ५९० मिळवले की इसवी सन सुरू होतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. मामूंनी सगळ्या महिन्यांची चौकट करून भिंतीवर चिकटवली आहे, पोरं येऊन आपापल्या पणजोबांची तारीख काढतात. मात्र पुढच्या पिढीत ही सोय नाही. आपल्या वयाच्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जो दिवस सोयीचा तो टाकला. तुझ्या ब्रिटिश पासपोर्टवर काय आहे गं? तेच ना?

या उर्दू-मोडीवरून आठवलं. आमचे मोडी वाचणारे गुरुजी २०२३पर्यंत गावात "ते जुन्या कागदांचं खूळ असलेले" एवढेच होते. त्या वर्षी मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, आणि एका रात्रीत गुरुजींच्या दारात मोटरसायकलींची रांग लागली. ज्यानं त्यानं खापरपणजोबांचा कागद आणलेला, "गुरुजी, यात कुणबी लिहिलंय का तेवढं बघा." गुरुजींनी सगळ्यांना बघून दिलं, नोंद असली तर आहे म्हणाले, नसली तर नाही म्हणाले, चहाशिवाय काही घेतलं नाही. माझं आरक्षणाविषयी काय मत आहे ते सोड, ते तुला फोनवर सांगेन. पण मोडी येणारं माणूस तालुक्यात शोधावं लागतं हे त्या हिवाळ्यात सगळ्यांना कळलं. आता गुरुजींपाशी चार मुलं मोडी गिरवतात. त्यातल्या दोघांना नोकरी लागेल या आशेनं रस आहे. असू दे. आशेनं का होईना, शिकतात.

आता जरा अवघड गोष्ट. मंडळ काढलं तेव्हापासून मला धाक होता तो सप्टेंबर १९४८चा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, रझाकार आणि सत्याग्रही एवढ्यावर आटपतं. पण घराघरांत त्या दोन वर्षांच्या वेगळ्या कथा आहेत. कुणी रात्री पोरं पाठीला बांधून शेंदुर्णीकडे पळालं. कुणी सत्याग्रहींना भाकरी पोचवल्या, आणि ती बाई होती म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर काही मुसलमान घरांनी जे भोगलं, तेही आहे; त्या काळाची चौकशी करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं बंद होता. हे सगळं आमच्या सात जणांच्या घरांत मिळून आहे, एकाच खोलीत. पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा मामू चष्मा पुसत बसले आणि आप्पा खिडकीबाहेर बघत.

मग आम्ही एक रीत ठरवली. सांगणाऱ्याचं सगळं सांगणं जसंच्या तसं, त्याच्या शब्दांत, त्याच्या नावावर नोंदायचं. दुसऱ्याचं उलट असेल तर तेही, शेजारी. मंडळ निकाल देणार नाही. ज्याला जिवंतपणी उघड करायचं नाही त्याचं सांगणं बंद पाकिटात, वर तारीख. आणि हयात माणसाविरुद्ध आरोप आला तर तो नोंदीत जाणार नाही. या रीतीवर टीका होते. "तुम्ही खरं-खोटं करत नाही, मग इतिहास कसला?" असं मला एका प्राध्यापकांनी विचारलं. मला वाटतं, खरं-खोटं करायला पुढे लोक येतील, त्यांच्यासाठी सांगणारे आत्ता बोलवून घेतले पाहिजेत. नव्वदीचा माणूस निकालाची वाट पाहत थांबत नाही. मामूंनी त्यांच्या आईची हकीकत मागच्या पावसाळ्यात नोंदवली. टिपून घेतली आप्पांनी. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

जातीचं भांडण मात्र आम्ही दारातच अडवलं. गाव कुणी वसवलं, मूळ पाटील कोण, मान पहिला कुणाचा, यावर मंडळात चर्चा नाही. कागद असेल तर दाखवा, नक्कल होईल, नाव तुमचं लागेल. अर्थ लावायचा तो घरी लावा. यामुळे वर्गणीदार कमी झाले, पण आहेत ते टिकले.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला बोचलं. तू लिहिलंस, तिकडे प्रत्येक खेड्याची अशी सोसायटी असते, चहा-बिस्किटं असतात, आणि म्हाताऱ्या मंडळींना १५३८पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या वाचता येतात, "आपल्याकडे हे कुठलं?" बरोबर आहे, आठव्या हेन्रीच्या वेळी थॉमस क्रॉमवेलनं बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी ठेवायला लावल्या, तसं आपल्याकडे कुणी लावलं नाही. आणि तुझ्या लेस्टरलाच १९४८ साली इतिहासकार हॉस्किन्स यांच्याकडे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विद्यापीठ विभाग आला. तुझ्या घरापासून तो लांब नसेल, एकदा जाऊन ये. हॉस्किन्स सांगत की शिवार हाच सगळ्यांत समृद्ध दस्तऐवज, बूट घालून चालत वाचायचा. हे वाचल्यावर मला आपले त्रिंबक नारायण आत्रे आठवले. त्यांचा 'गावगाडा' १९१५चा. काळी, पांढरी, बलुतं, वतन, गावाचं सगळं आतडं त्यांनी उलगडून ठेवलं, हॉस्किन्सच्या कितीतरी आधी. फक्त आपण ते पुस्तक परीक्षेपुरतं ठेवलं. आणि नोंदी आपल्याकडे नाहीत असं कसं म्हणतेस? कोतवाल बुकं आहेत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. तुझ्या वडिलांची सही तिथे असेल, तुझ्या आजीच्या दहाव्याला गेले होते तेव्हाची. विखुरलेलं आहे, एवढंच.

आणि सगळ्यांत मोठी नोंदवही बायकांच्या गळ्यात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मी तुला मागेच कळवलं होतं. पण आपल्याच तालुक्यात, पळसखेड्याला, कवी महानोरांनी तेच केलं. सगळा महाराष्ट्र त्यांना 'रानातल्या कविता'साठी ओळखतो, रॉबर्ट गिल आणि पारोवरच्या 'अजिंठा'साठी ओळखतो. मी त्यांना 'पळसखेडची गाणी'साठी मानते. आपल्या गावच्या बायकांची गाणी त्यांनी गावाच्या नावानं छापली. ३ ऑगस्ट २०२३ला ते गेले, तेव्हा अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "बाई, किल्ल्याचं राहू द्या, आधी गाणाऱ्या गाठू." तेव्हापासून दर आठवड्याला आम्ही एका म्हातारीकडे बसतो. वेचणीच्या दिवसांत कुणी सापडत नाही, कपाशी फुटलेली असते, म्हणून सध्या संध्याकाळनंतर. गाणं निघण्याआधी बाहत्तरचा दुष्काळ निघतो. हमखास. सुकडी, मिलो, खडी फोडायला कोणत्या रस्त्यावर कोण होतं, पाझर तलावाच्या बांधावर कुणाचं बाळ झोळीत होतं. त्या तलावावर आज दगडी पाटीसुद्धा नाही. आता आमच्याकडे मजुरांची नावं आहेत; आडाचं राहिलं, पण तलाव कुणी खोदला हे सांगता येईल.

आता कामाचं. तीन गोष्टी मागते, नाही म्हणू नकोस.

रॉबर्ट गिलनं १८४४ पासून इथे बसून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. वाचलेल्या मोजक्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मला त्या नकोत, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण गिलनं पुढे कॅमेराही हाती घेतला, आणि १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याचे फोटो छापले गेले. ब्रिटिश लायब्ररीत जाऊन बघ, त्या फोटोंत लेण्यांशिवाय काय आहे. फर्दापूरची सराई, कुठलं गाव, एखादा बाजार, बाजूला उभा राहिलेला एखादा माणूस. आम्हांला तो माणूस हवा आहे. फोटोचा क्रमांक तेवढा बिनचूक उतरवून आण.

दुसरं, तुझ्या वडिलांच्या दुकानाच्या खतावण्या तुझ्या भावानं सुरतला नेल्यात असं ऐकते. त्याला सांग, वह्या आम्हांला नकोत. एका रविवारी बसून पानं टिपून पाठव म्हणावं, उधारीच्या पानांसकट. ती तो गाळेल, लोकांची इज्जत म्हणून. त्याला सांग, नावं झाकून ठेवायची सोय आमच्याकडे आहे.

तिसरं, तू वर्गणीचे पौंड पाठवते म्हणालीस ते पाठवू नकोस. तू आता ब्रिटिश नागरिक, तुझे पैसे परकीय देणगीत मोडतात, आणि २०१०च्या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. भाऊसाहेबांनी मला हे दोनदा बजावलंय. त्याऐवजी मार्चमध्ये येशील तेव्हा मोकळी ये, दोन दुपार माझ्यासाठी ठेव, आणि तुझ्या आईकडून शिकलेली गाणी आठवून ठेव. रेकॉर्डिंग ताई करतील.

तुझी,
बाई (गाव अजून यानंच हाक मारतं)